‘पारंपरिक’ म्हणजे कोण?

आपल्या देवळातील एखादी गीतपुस्तिका उघडून पाहावी. बहुतेक गीतांखाली बारीक अक्षरांत एक ओळ असते : शब्द अमक्याचे, चाल तमक्याची. ही नावे बहुधा धर्मगुरूंची असतात, काही प्रापंचिक बंधूंची, क्वचित एखाद्या व्रतस्थ भगिनीचे. पुढे लग्नाची, पाळण्याची, सणासुदीची गाणी लागली की नावे एकाएकी आटतात आणि त्यांच्या जागी एकच शब्द पुनःपुन्हा येतो : ‘पारंपरिक’. आमचे भांडण या एका शब्दाशी आहे. भांडणाचा आरंभ मात्र स्वतःपासून करणे उचित, म्हणून आधी आमचा अपराध सांगतो.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी वसईकडील एका धर्मग्रामात आम्ही साहाय्यक धर्मगुरू होतो. मंदिराच्या महोत्सवी वर्षानिमित्त स्त्रियांच्या लग्नगीतांचे लहानसे पुस्तक काढावे असे ठरले आणि ते काम आमच्याकडे आले. चार महिने आम्ही टेपरेकॉर्डर घेऊन ओटीओटीवर बसलो. त्यात एक वृद्धा होती. पुस्तकातील जवळजवळ तिसरा हिस्सा एकट्या तिने दिला. काही गाणी आईकडून आलेली, काही सासूकडून, आणि काहींविषयी ती सरळ म्हणाली, “हे मी बांधलेलं.” त्यांतले एक गाणे आखातात नोकरीला गेलेल्या भावाचे होते. बहिणीच्या लग्नाला तो येऊ शकला नाही आणि मांडवात त्याच्यासाठी मांडलेली खुर्ची रिकामीच राहिली, असा त्यातला भाव. आखाताची वाट आपल्या लोकांना कधी सापडली हे कोणासही ठाऊक आहे. म्हणजे हे गाणे प्राचीन काळापासून चालत आले असणे शक्यच नव्हते.

पुस्तक निघाले. मुखपृष्ठावर ‘संकलन’ असे लिहून खाली ठसठशीत अक्षरांत आमचे नाव छापलेले होते. आत प्रत्येक गाण्याखाली, त्या खुर्चीच्या गाण्याखालीसुद्धा, ‘पारंपरिक’. प्रकाशनाच्या दिवशी त्या वृद्धेला लिहिता-वाचता येत नसल्याने तिची चौथीतली नात तिला एकेक पान वाचून दाखवीत होती. तिने ते गाणे वाचले, खालचा शब्द वाचला आणि विचारले, “आजी, पारंपरिक म्हणजे कोण?” आजी हसून म्हणाली, “असेल कुणीतरी मोठा माणूस.”

आम्ही पाच पावलांवर उभे होतो. मौखिक परंपरा म्हणजे काय, या विषयावर गुरुविद्यालयात आम्ही निबंध लिहिलेला होता. पण त्या क्षणी तोंडातून एक शब्द निघाला नाही. आजी पुढे वारली. तो प्रश्न मात्र आमच्यापाशी राहिला आणि मागच्या आषाढात तो पुन्हा उभा राहिला तो भंडारा जिल्ह्यातील बपेरा या गावी.

बपेरा हे तुमसर तालुक्यातील, मध्य प्रदेशाच्या सीमेजवळचे गाव. मुलूख धानाचा. आमच्या ओळखीतील व्रतस्थ भगिनींच्या वसतिगृहात शिकणारी एक विद्यार्थिनी तिथली. तिच्या घरी जाण्याचा योग आला तेव्हा रोवणीचे दिवस होते आणि घर सगळे शेतावर होते. धुऱ्यावर उभ्या उभ्याच वडिलांनी आमच्यापाशी तक्रार मांडली, “फादर, हिले समजवा. दिवसभर कानात वायर, अन् त्या अमेरिकेच्या बाईचे गाने.” ती अमेरिकेची बाई म्हणजे टेलर स्विफ्ट. हे नाव वडिलांनाही पाठ होते. मुलगी खालमानेने एवढेच म्हणाली, “ती स्वतः लिहिते, फादर.”

आणि त्याच वेळी समोरच्या बांधीत, गुडघाभर चिखलात, पाठीवर प्लास्टिकची खोळ घेतलेल्या दहाबारा बाया पऱ्हे लावीत मागे मागे सरकत होत्या आणि गात होत्या. पुढे म्हणणारी त्या मुलीची आजी होती. ऐकता ऐकता ध्यानात आले की, गाण्यात यंदाचा लांबलेला पाऊस आहे, पुण्याच्या कंपनीत गेलेला जावई आहे आणि त्याचा न लागणारा फोन आहे. आम्ही वडिलांना विचारले, “हे गाणे कोणाचे?” ते म्हणाले, “ते होय का? बायांचे गाने, फादर. त्याले कायचा नाव-गाव?” बाया बांधीबाहेर आल्यावर आजीला तेच विचारले. तिला प्रश्नच विचित्र वाटला. “कोनाचा म्हंजे? आताच जुळवला तं.”

म्हणजे पाहा : सातासमुद्रापलीकडच्या बाईचे नाव ज्या घरात पोरापासून थोरापर्यंत ठाऊक आहे, त्याच घरात स्वतःच्या आईने डोळ्यांदेखत रचलेल्या गाण्याला नाव-गाव नाही. मुलीला कोणी समजवावे, हा प्रश्न आमच्या मनात तिथेच उलटा झाला.

सुज्ञ वाचकहो, आपल्यापैकी अनेकांना ही अमेरिकी गाणी म्हणजे नुसता धांगडधिंगा वाटतो. तसा तोही प्रकार तेथे आहेच. पण तिथल्या खेड्यापाड्यांतून, डोंगराळ भागांतून, कंट्री आणि फोक या नावांनी जे गाणे वर आले, त्यातील स्त्रियांची कहाणी आपण नीट ऐकलेली नाही. ती ऐकली असती तर आपल्या मुली काय शोधीत आहेत, हे आपल्याला कळले असते.

केंटकी राज्यातील बुचर हॉलो नावाच्या खाणवस्तीत १९३२ साली लोरेटा लिन जन्मली. बाप कोळशाच्या खाणीत मजूर. पंधराव्या वर्षी लग्न, विशीच्या आत-बाहेर चार मुले, पुढे आणखी दोन. नवऱ्याने आणून दिलेल्या साध्या गिटारवर ती स्वतः बोटे बसवायला शिकली आणि गाणी रचू लागली. आपण कोळसा-मजुराची मुलगी आहोत, हे सांगणारे तिचे गाणे १९७० साली आले आणि देशभर गाजले. कंट्री संगीताच्या संघटनेचा वर्षातील सर्वश्रेष्ठ कलावंताचा सन्मान १९७२ साली तिला मिळाला. तो मिळवणारी ती पहिली स्त्री. २०२२ साली ती वारली. बपेरा ज्या तालुक्यात आहे त्याच तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. खाणमजुराच्या मुली आपल्याकडेही आहेत. गाणे रचणाऱ्याही असणार. त्यांच्या गाण्याखाली आपण काय लिहिणार आहोत?

लोरेटाच्या बाबतीत एक अवघड गोष्ट लपवून चालणार नाही. १९७५ साली तिचे संततिनियमनाच्या गोळीवरचे गाणे निघाले आणि अनेक नभोवाणी केंद्रांनी ते वाजवायचे नाकारले. या विषयावर ख्रिस्तसभेची शिकवण काय आहे हे आपण जाणता आणि आम्ही तिचेच सेवक आहोत. परंतु सहा मुलांची आई थकून काही म्हणते, तेव्हा आधी ऐकावे आणि मग बोलावे, हीसुद्धा मेंढपाळाचीच रीत आहे. स्त्रीचे गाणे नकोसे झाले की आपण दोन उपाय योजतो. एक तर ते बंद करतो, नाही तर त्यावरचे तिचे नाव पुसतो. पहिला उपाय निदान उघड असतो. दुसरा करताना आपल्याला आपण काही करीत आहोत हेही कळत नाही.

या दोन्ही उपायांना एकाच जन्मात सामोरी गेलेली स्त्री म्हणजे इलिझाबेथ कॉटन. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ही कृष्णवर्णीय बाई. ती डावखुरी. गिटार उलटी धरून, जाड तारांवर बोटे आणि बारीक तारांवर अंगठा अशी वाजवण्याची स्वतःची पद्धत तिने शोधली. विसाव्या शतकाच्या आरंभी, वयाची जेमतेम बारा वर्षे झाली असतील-नसतील तेव्हा, घराजवळून जाणाऱ्या मालगाडीवर तिने एक गाणे रचले. पुढे ती ज्या चर्चमध्ये जाई तेथील वडीलधाऱ्यांनी तिला बजावले की, असली ऐहिक गाणी सोड. तिने गिटार खाली ठेवली आणि कित्येक वर्षे हाती घेतली नाही. हे वाचताना आम्हा धर्मगुरूंची मान खाली जायला हवी. ते चर्च आपले नव्हते, एवढे म्हणून सुटका होत नाही. तो आवाज आपल्याही घशातून निघालेला आहे.

उतारवयात वॉशिंग्टनमधील एका मोठ्या दुकानात काम करीत असताना तिने चुकलेली एक लहान मुलगी तिच्या आईच्या हवाली केली. ते कुटुंब संगीतज्ञ सीगर यांचे. त्यांच्याच घरी ती पुढे घरकामाला राहिली. भिंतीवर गिटार होती. तिने ती काढून वाजवली आणि घरच्यांना कळले की, आपल्याकडे केर काढणारी ही बाई कोण आहे. १९५८ साली तिची पहिली तबकडी निघाली. परंतु त्याआधीच सीगरांच्या मुलीकडून तिचे मालगाडीचे गाणे इंग्लंडला पोचले होते, तेथे दोघा जणांनी ते आपल्या नावावर नोंदवले होते आणि १९५७ मध्ये ते तेथे गाजलेही होते. पुढे सीगर कुटुंबाच्या खटपटीने तिचे कर्तृत्व तिला परत मिळाले. १९८५ साली तिला ग्रॅमी पारितोषिक देण्यात आले. तेव्हा ती नव्वदी ओलांडलेली होती. १९८७ साली ती गेली. सीगरांच्या घरात कोणी उभे राहिले नसते, तर त्या गाण्याखाली आज दोन इंग्रजांची नावे असती. किंवा कदाचित आपला लाडका शब्द असता : पारंपरिक.

या कहाणीतला तिसरा प्रकार आम्हाला व्यक्तिशः झोंबतो. १९२७ साली टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरील ब्रिस्टल गावी कार्टर कुटुंबाची पहिली ध्वनिमुद्रणे झाली. सारा कार्टरचा आवाज आणि मेबेल कार्टरची गिटार या दोन गोष्टींवर ते संगीत उभे होते. घरातला पुरुष, ए. पी. कार्टर, डोंगरातल्या घराघरांतून गाणी गोळा करीत फिरे. त्याने ती गोळा केली नसती तर कितीतरी नष्ट झाली असती, हे खरे. आणि गोळा केलेल्या अनेक गाण्यांवर नाव त्याचेच लागले, हेही तितकेच खरे. चार महिने ओटीओटीवर बसलेल्या एका साहाय्यक धर्मगुरूला हा मनुष्य फार ओळखीचा वाटतो.

डॉली पार्टन या सगळ्यांहून धाकटी, १९४६ सालची. टेनेसीच्या डोंगरातील दरिद्री घरात बारा भावंडांत वाढलेली. १९७४ साली निघालेले तिचे एक निरोपाचे गाणे स्वतः एल्व्हिस प्रेस्लीला गायचे होते. त्याच्या व्यवस्थापकाने अट घातली की, गाण्याच्या प्रकाशनहक्कातील अर्धा वाटा द्यावा लागेल. डॉलीने नकार दिला. तेच गाणे १९९२ साली व्हिटनी ह्यूस्टनने चित्रपटासाठी गायिले, ते जगभर गेले आणि त्याचे मानधन ते रचणारीच्याच पदरी पडले. आणि ज्या टेलर स्विफ्टपायी बपेऱ्याच्या धुऱ्यावर आमच्यापाशी तक्रार झाली, तिचा आरंभही कंट्री गाण्यातलाच. तिच्या पहिल्या सहा संग्रहांच्या मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी २०१९ साली तिच्या संमतीवाचून विकली गेली. तेव्हा २०२१ पासून तिने तीच गाणी पुन्हा नव्याने गाऊन प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि २०२५ मध्ये मूळ मुद्रणांची मालकीही परत मिळवली. आपल्या मुली तिची गाणी ऐकतात तेव्हा हेही ऐकत असतात : आपण रचलेले आपले असते आणि ते हक्काने मागता येते. यात बिघडणारे काय आहे?

आता कोणी म्हणेल, “हे पाश्चात्त्यांचे वेड. आपली संस्कृती नावाच्या हव्यासाची नव्हे.” हे म्हणणारा आपली संस्कृती नीट जाणत नाही. तेराव्या शतकातील जनाबाई परक्या घरची दासी होती. तिच्या अभंगांच्या अखेरीस तिची नाममुद्रा असते. दळणकांडण करणाऱ्या त्या दासीने स्वतःला दासी म्हणत म्हणत आपले नाव सोडले नाही आणि वारकऱ्यांनी सातशे वर्षे ते पुसले नाही. तिच्या अभंगाखाली ‘पारंपरिक’ असे लिहिण्याचे धाडस आजही कोणी करणार नाही.

ओवीचे मूळही पाहा. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात अशी नोंद आहे की, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात. म्हणजे आपल्या भाषेच्या पहाटेलाच मुसळावर आणि जात्यावर बसलेली बाई गात होती. तिचे ते लहानसे पात्र पंडितांनी उचलले, त्यात तत्त्वज्ञान ओतले आणि त्याला ग्रंथाची प्रतिष्ठा आली. आपले पूर्वसूरी फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून गोव्यात आले. त्यांनी प्रभू येशूची कथा मराठीत सांगायची ठरवली तेव्हा कोणते पात्र निवडले? ओवीच. १६१६ साली राशोल येथे छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. आपण स्टीफन्स यांचे नाव अभिमानाने घेतो, घेतलेच पाहिजे. पण ज्या वृत्तात ती कथा वाहिली, त्याचे कुळ जात्यापाशी आहे, हे आपल्या किती प्रवचनांत येते?

याच भाषेत बहिणाबाई चौधरी होऊन गेल्या. जन्म १८८० साली खानदेशातील असोद्याचा. अक्षरओळख नव्हती. शेतात, घरात, जात्यावर त्यांच्या तोंडून गाणी येत. मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता म्हणून त्यातील काही वहीत उतरली. १९५१ साली बहिणाबाई वारल्या, मग ती वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली आणि १९५२ साली पुस्तक निघाले. मराठी माणसाने मान्य केले की ही थोर कवयित्री आहे. पण मुलगा कवी नसता तर? वही निघाली नसती तर? त्याच ओळी आपण कोठेतरी वाचल्या असत्या आणि खाली तोच शब्द असता. ज्यांच्या पोटी सोपानदेव जन्मले नाहीत अशा किती बहिणाबाई आपल्या ‘परंपरे’त गडप झाल्या, याचा हिशोब कोणी करावा?

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण तर आपल्या घरातले. शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ आरंभिले आणि १९१९ साली ते वारले. ते महाकाव्य पुढे नेले आणि पुरे केले लक्ष्मीबाईंनी. त्यातला फार मोठा भाग त्यांचा आहे. तरीही ‘ख्रिस्तायन’ म्हटले की आपल्या ओठांवर आधी टिळकांचे नाव येते. छापलेल्या, सही केलेल्या ग्रंथाची ही गत, तर न छापलेल्या गाण्याची काय कथा?

आमच्या धर्मबंधूंकडून येणारा आक्षेप याहून सूक्ष्म असतो. ते म्हणतात, “नाव कशाला हवे? ख्रिस्ती माणसाने नम्र असावे. या साध्या बायांनी कधी नाव मागितले नाही, हीच त्यांची थोरवी.” हा युक्तिवाद ऐकायला गोड आहे आणि म्हणूनच घातक आहे. नम्रता हा सद्गुण माणसाने स्वतः धारण करायचा असतो. तो दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायचा नसतो. ज्या पुस्तकात बाईने नम्र राहावे अशी आपली इच्छा असते, त्याच पुस्तकावर संकलक, संपादक, प्रस्तावनाकार आणि मुद्रक या सर्वांची नावे असतात. एवढ्या गर्दीत एकट्या गाणारीनेच नम्र का असावे? तिने नाव मागितले नाही याचे कारण थोरवी नसून एवढेच आहे की, मागता येते हे तिला कोणी सांगितले नाही.

पवित्र शास्त्र तरी कोणता धडा घालून देते? समुद्र ओलांडल्यानंतरच्या गीतापाशी मिर्यामचे नाव आहे. शास्त्यांच्या ग्रंथात दबोराचे गीत आहे. शमुवेलच्या ग्रंथारंभी हन्नाचे गीत आहे. आणि संत लूकच्या शुभवर्तमानात पवित्र मरियेचे गीत आहे. ही गीते कशी घडली आणि कशी लिहिली गेली, यावर पंडित वाद घालोत. मुद्दा असा की, शास्त्राने स्त्रियांच्या गीतांवरची त्यांची नावे सोडली नाहीत. आम्ही धर्मगुरू दररोज सायंप्रार्थनेत नाझरेथच्या त्या मुलीचे गीत म्हणतो. जगातले सगळे धर्मगुरू रोज संध्याकाळी एका बाईचे गाणे म्हणतात आणि सकाळी उठून बायांच्या गाण्याखाली ‘पारंपरिक’ लिहितात!

तिसरा आक्षेप अभ्यासकांचा आहे आणि तो आदराने ऐकला पाहिजे. ते म्हणतात, “लोकगीत एकाचे नसते. एक बाई ओळ देते, दुसरी ती फिरवते, तिसऱ्या गावी ती आणखी बदलते. कर्ता सांगणार कसा?” म्हणणे खरे आहे. सगळ्याच गाण्यांना एकच आई असते असा आमचा दावा नाही. पण ‘माहीत नाही’ आणि ‘विचारले नाही’ यांत अंतर आहे. आखातातल्या भावाच्या गाण्याचे आम्हाला माहीत होते, तरी आम्ही लिहिले नाही. जेथे कर्ती ठाऊक नाही तेथे गाणारी तरी ठाऊक असते. ती कोण, गाव कोणते, तिला हे कोणाकडून मिळाले, कोणत्या ओळी तिने स्वतः घातल्या, एवढे लिहायला किती शाई लागते?

हे करता येते याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइतवाँ या दांपत्याने १९८० च्या दशकापासून गावोगाव फिरून, सहकाऱ्यांच्या साहाय्याने जात्यावरच्या ओव्या जमवल्या. एक हजाराहून अधिक गावे आणि एक लाखाहून अधिक ओव्या! आणि ओवीबरोबर गाणारीचे नाव व गाव नोंदवण्याची शिस्त त्यांनी पाळली. परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज आज आपण त्यांच्या नावानिशी ऐकू शकतो तो त्यामुळेच. पॉइतवाँ २००४ साली आणि राईरकर २०१० साली वारल्या. २०१७ पासून ग्रामीण भारताच्या ‘पारी’ या डिजिटल संग्रहाने या ओव्या नावांसह, छायाचित्रांसह सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. लाख ओव्यांना जे साधले, ते आपल्या चाळीस पानी पुस्तिकेला साधू नये काय?

कायदाही या बाजूचा आहे. आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील ५७ वे कलम सांगते की, रचनाकाराने आपले आर्थिक हक्क दुसऱ्याला देऊन टाकले तरी ‘ही रचना माझी’ असे म्हणण्याचा त्याचा हक्क शिल्लक राहतो. गीतकार-संगीतकारांचा मानधनातील वाटा सुरक्षित करणारी दुरुस्ती २०१२ साली झाली. कामकऱ्याची मजुरी अडकवून ठेवणे हे पाप असल्याचे आपण व्यासपीठावरून सांगतो. गाणे रचणे हेही काम आहे आणि नाव ही त्याची पहिली मजुरी आहे. एखाद्या मंडळाने आपल्या माउलींच्या गाण्यांची ध्वनिफीत विकून देवळाचे छप्पर दुरुस्त केले असेल तर तो पैसा सत्कारणी लागला यात शंका नाही. पण ज्यांची गाणी विकली त्यांना कोणी विचारले होते का, एवढे तरी विचारू या.

याहून मोठी घाई दुसरीच आहे. गिरणी आली आणि जाते माळ्यावर गेले. जाते थांबले तशी पहाटेची ओवी थांबली. आता काही ठिकाणी रोवणीची यंत्रे येऊ लागली आहेत. यंत्राला आमचा विरोध नाही. चिखलात दिवसभर वाकून मोडलेल्या कमरा आम्ही पाहिल्या आहेत आणि गाणे टिकावे म्हणून कोणाची कंबर मोडावी असे आम्ही कधीही म्हणणार नाही. पण काम जाईल तेव्हा त्याबरोबरचे गाणेही जाईल. आणि मग ते कोणाचे होते, हे विचारायला बांधीत कोणी असणार नाही.

म्हणून आमचे सांगणे थोडके आणि स्पष्ट आहे. यापुढे आपल्या धर्मग्रामांतून निघणाऱ्या कोणत्याही पुस्तिकेत, कार्यक्रमपत्रिकेत वा ध्वनिफितीत, विचारल्यावाचून ‘पारंपरिक’ हा शब्द घालू नये. स्त्रीमंडळांनी एक वही करावी. तीत गाणे, गाणारी, गाव, तारीख आणि ‘कोणाकडून’ एवढे पाच रकाने असावेत. छापण्यापूर्वी तिची परवानगी घ्यावी. ती नको म्हणाली, तर ‘गाणारीच्या इच्छेने नाव दिलेले नाही’ असे लिहावे. ती झाली खरी नम्रता, कारण ती तिची स्वतःची असेल. हे काम आपल्या मुलींकडे सोपवावे. त्यांच्या हातात मोबाइल आहे, त्यात ध्वनिमुद्रणाची सोय आहे. अमेरिकेची बाई ऐकू नका, असे त्यांना सांगण्याऐवजी, तिची ऐकता तशी आजीचीही ऐका, असे सांगावे. बपेऱ्याच्या त्या मुलीला आम्ही तेवढेच सांगितले. तिने कानातली वायर काढली की नाही हे आम्हाला ठाऊक नाही. निघताना मात्र ती आजीला विचारीत होती की, फोनवाली ओळ कशी होती, पुन्हा म्हण.

राहता राहिले आमचे पुस्तक. त्याच्या हाताशी असलेल्या प्रतींवर आम्ही ‘पारंपरिक’ हा शब्द शाईने खोडण्यास आरंभ केला आहे. ज्या स्त्रिया हयात आहेत त्यांच्याकडे जात आहोत. ज्या नाहीत त्यांच्या घरी जात आहोत. चौथीतली ती नात आता स्वतः दोन मुलांची आई आहे. तिच्या आजीचे नाव या लेखात वाचकांना सापडले नसेल, आणि ते आम्ही मुद्दामच दिलेले नाही. पंचवीस वर्षांपूर्वी न विचारता नाव गाळले. आज न विचारता ते छापणे ही त्याच चुकीची दुसरी बाजू ठरली असती. म्हणून नातीला पत्र लिहून परवानगी मागितली आहे. होकार आला की याच नियतकालिकाच्या पानावर ते गाणे छापावे, अशी संपादकांना आमची विनंती राहील. वर शीर्षक असेल, खाली आजीचे नाव असेल. संकलकाचे नाव नसेल तरी चालेल.